नाशिकला दिलेली लेक

संत तुकाराम नगर, पिंपरी
२९ सप्टेंबर

ताई,

अण्णा मला तुझ्या नावानं हाक मारतात. हे तुला कळवावं की नाही, यावरून मी बरेच महिने माझ्याशीच भांडत होते. शेवटी आज लिहायला बसले.

तुझा जुना नंबर लागत नाही. पत्ता विजयश्रीकडून घेतला. तिच्यावर रागावू नकोस. तुझी मैत्रीण म्हणून तिनं आधी साफ नाही म्हटलं होतं. मग एकदा अण्णांना बघायला आली, त्यांच्याशी थोडा वेळ बोलली, आणि जाताना चपला घालता घालता स्वतःहून पत्ता लिहून दिला.

सुरुवात रस्ता चुकण्यापासून झाली. आयुष्यभर कंपनीची बस चालवलेला माणूस, पिंपरीपासून चाकणपर्यंतचा एकेक थांबा झोपेतसुद्धा सांगेल असा. तो भाजी आणायला म्हणून गेला आणि वल्लभनगरच्या एसटी स्टँडवर जाऊन बसला. घर कुठं ते सांगता येईना. मला वाटलं, उन्हानं झालं असेल. मग अण्णा आईला हाका मारायला लागले. आई गेली म्हणून सांगितलं की दर वेळी पहिल्यांदाच कळल्यासारखे रडायचे. म्हणून मी सांगणं सोडलं. आता विचारलं की आई गावाला गेलेली असते. डॉक्टर म्हणाले, हे मागं फिरणारं दुखणं नाही, चाललंय तेवढं चालवायचं.

आणि मी वर्षाली झाले. दिपाली त्यांच्या लेखी अजून शाळेत जाते. संध्याकाळी मी चाकणहून येऊन कंपनीचे जड बूट काढत असते, तेव्हा विचारतात, "दिपी आली का शाळेतून?" मी म्हणते, "येईल इतक्यात." सुरुवातीला मी सांगून बघायचे की अण्णा, मी दिपाली. तर कुणीतरी परकी बाई खोटं नाव सांगून घरात शिरलीय, असे बघायचे माझ्याकडे. एकदा इतके घाबरले की यशोदाबाईंना हाका मारत जिन्यात गेले. यशोदाबाई म्हणजे आपल्या शेजारच्या, मी कामावर असते तेव्हा त्याच त्यांच्याजवळ बसतात. त्या दिवसापासून मी सांगणं बंद केलं.

तू निरंजनशी लग्न केलंस, त्या दिवशी अण्णांनी साऱ्या कॉलनीला ऐकू जाईल असं सांगितलं होतं की मला एकच मुलगी आहे. जातीबाहेर गेलेलीचं नाव या घरात निघणार नाही म्हणाले. आता दिवसभर तेच नाव त्यांच्या तोंडी असतं. एकच मुलगी, हे त्यांचं म्हणणं मात्र खरं झालं. फक्त ती मी नाही.

मी हे कुरकुर म्हणून लिहीत नाही.

लिहिण्याचं कारण वेगळं आहे. दसरा झाला की कंपनीची सहल भंडारदऱ्याला जायची, तुला आठवत असेल. बस अण्णांची, आणि आपण दोघी त्यांच्या शेजारी इंजिनाच्या झाकणावर, चटके बसू नयेत म्हणून खाली गोधडी. तो रस्ता त्यांना अजून पाठ आहे. कॉटवर बसून पाय हलवत ओतूर, ब्राह्मणवाडा, कोतूळ, राजूर असं पुटपुटत असतात. आईचं नाव अडखळतं, पण कोतूळ अडखळत नाही. म्हणून ठरवलंय, त्यांना ते डोंगर ओळखू येतायत तोवर एकदा न्यायचं. मी गाडी घेतलीय, जुनीच आहे पण नीट चालते. दसऱ्यानंतर रजा मिळालीय. पंधरा तारखेला, मंगळवारी दुपारी, आम्ही शेंडीला तलावाच्या काठी असू, बोटी लागतात तिथं. नाशिकहून घोटीवरून आलं तर फार लांब नाही.

ये, असं मी म्हणणार नाही. आईच्या दहाव्याला तू एवढ्या लांबून आलीस आणि अण्णांनी तुला दारातूनच परत पाठवलं. मी आत बायकांत बसले होते, तू येऊन गेलीस हे मला नंतर कळलं. खालच्या गेटपाशी तू बराच वेळ उभी होतीस, असं वॉचमन सांगत होता. त्यानंतर ये कुठल्या तोंडानं म्हणू? आम्ही कुठं असू ते फक्त कळवते.

माझा नंबर जुनाच आहे.

दिपाली


शेंडी, भंडारदरा
१५ ऑक्टोबर, सकाळ

ताई,

अण्णा अजून झोपलेत. खोलीच्या बाहेर ओट्यावर बसून लिहितेय. समोर पाणी आहे पण धुक्यानं दिसत नाही, नुसतं पक्ष्यांवरून कळतं. आज दुपारी तू येशील की नाही, मला माहीत नाही. हे पत्र तुझ्या हातात पडेल तेव्हा आजचा दिवस होऊन गेलेला असेल. तू आलीस तरी यातलं मला समोर बोलता येणार नाही, म्हणून लिहून इथल्याच टपालपेटीत टाकते.

परवा सकाळी निघालो. चाकणच्या चौकात नेहमीसारखे अडकलो, दोन्ही बाजूंना कंटेनर. अण्णा बेचैन झाले. "त्याच्या शेजारून काढू नको, लांब गाडी हाय, त्याला तू दिसत न्हाईस," म्हणाले. खरंच त्याला मी दिसत नव्हते. राजगुरुनगर मागं पडलं तसा रस्ता मोकळा झाला आणि त्यांचा चेहराही. त्यांच्या बाजूला ना ब्रेक ना क्लच, पण दोन्ही पाय चालू होते. मी गिअर बदलायच्या आधी त्यांचा पाय दाबलेला असायचा.

ओतूर सोडून घाटाला लागलो तर डोंगराच्या उतरणी सोनकीनं पिवळ्याधमक झालेल्या. पाऊस संपलाय, पण ओहोळ अजून वाहतायत. खाली भाताच्या खाचरांचा रंग बदलायला लागलाय. अण्णांनी काच खाली केली आणि हात बाहेर काढून बसले. प्रत्येक वळणाच्या आधी म्हणायचे, "हॉर्न दे." एका वळणाला म्हणाले, "इथं कदमाच्या पोराला उलटी झालती," आणि हसले. मला ते कदम आठवत नाहीत. तुला आठवतील.

कोतूळच्या पुलावर गाडी थांबवायला लावली. मुळा नदीचं पाणी शांत होतं, दोन्ही काठांना उसाचं हिरवं. कठड्याला टेकून म्हणाले, "कुठं जायलोत आपण?" मी म्हटलं, "भंडारदऱ्याला, अण्णा." "मग बस कुठंय?" मी म्हटलं, पुढं गेलीय. ते त्यांना पटलं.

ते पटलं म्हणूनच राजूरला पुढचं झालं. मी औषधाच्या दुकानात शिरले, ते गाडीत बसले होते. बाहेर आले तर गाडी रिकामी. रस्त्याच्या दोन्ही अंगांना धावले, हॉटेलात विचारलं, मंदिरात बघितलं. मग एसटी स्टँडकडून माणसांचा गलका ऐकू आला. एक बस उभी होती, प्रवासी बसलेले, आणि ड्रायव्हरच्या सीटवर अण्णा. दोन्ही हात स्टिअरिंगवर, पाठ ताठ. खरा ड्रायव्हर खाली उभा, हातात चहाचा कप तसाच. कंडक्टर चिडला होता, खाली उतरा म्हणत होता.

मी खालून म्हटलं, "अण्णा, उतरा, आपली गाडी तिकडं आहे."

"समदे बसले का?"

"बसले."

"वर्षी?"

"मी ही काय, अण्णा."

"आन दिपी?"

मी दरवाजाकडे सरकले. ते म्हणाले, "दिपी बसल्याबिगर गाडी हालायची न्हाई. लहान हाय ती. इकडं तिकडं जाती."

मी दरवाजाच्या पायरीवर चढले. म्हटलं, "अण्णा, माझ्याकडे बघा. मीच दिपी." का म्हटलं कोण जाणे, इतके दिवस म्हटलं नव्हतं. त्यांनी बघितलं. नीट, प्रेमानं बघितलं. आणि म्हणाले, "तू वर्षी. थट्टा करू नको, तिला हुडक."

तो एसटीचा ड्रायव्हर पुढं झाला. माझ्याच वयाचा असेल. कप खाली ठेवला आणि म्हणाला, "काका, तुमची दिपी मागच्या सीटवर झोपलीय. मी बघितली. निवांत झोपलीय." अण्णांनी मान हलवली. मग सावकाश उतरले, त्याच्या खांद्यावर हात ठेवून. त्याला म्हणाले, "घाटात हळू." तो म्हणाला, "हो काका." बसमधलं कुणी हसलं नाही. मी त्या माणसाचे आभारही मानले नाहीत.

आता जे सांगायचंय ते सांगते.

काल तलावाला गाडीनं फेरी घातली. घाटघरच्या बाजूनं गेलो, कड्यावरून खाली कोकण बघितलं, मग रतनवाडीचं देऊळ, आणि पाण्याच्या कडेकडेनं परत. दुपार कलली होती. डोंगर पाण्यात उलटे पडले होते. त्यांनी मान मागं टेकली होती. मला वाटलं, डोळा लागला. आणि एकदम म्हणाले, "त्या दिवशी जेवली होतीस का गं तू?"

"कधी अण्णा?"

"आईच्या दहाव्याला. नाशिकहून आलीस. मी तुला दारातून घालवली. इतक्या लांबून आलेली. उपाशीच गेलीस का?"

मी गाडी कडेला घेतली. ताई, आई गेलेली त्यांना एरवी आठवत नाही. पण हे आठवत होतं. तो दिवस त्यांच्या आत कुठंतरी जसाच्या तसा होता. म्हणाले, "घरात दहाव्याचं जेवण होतं. परकी माणसं जेवली. लेक उपाशी गेली. मला घास उतरंना." आणि रडायला लागले. अण्णांना रडताना मी हल्ली पुष्कळदा बघते, पण ते लहान मुलासारखं असतं. हे तसं नव्हतं. हे बापाचं होतं.

मी काय करायला हवं होतं? तुमची वर्षाली ही नव्हे, असं सांगायचं? मी म्हटलं, "जेवले होते अण्णा. गेटबाहेरच्या हॉटेलात. पोटभर जेवले होते."

"खरं?"

"खरं."

"मग राग न्हाई तुझा?"

"नाही अण्णा. राग कधीच गेला."

त्यांनी माझा हात घेतला आणि कपाळाला लावला. बापानं लेकीचा हात कपाळाला लावला. तो हात तुझा समजून.

तुला न विचारता मी तुझ्या वतीनं त्यांना माफ केलंय. हे तुला कळायला हवं, म्हणून लिहिलं.

गाडी सुरू केली तेव्हा डोळे पुसत म्हणाले, "दिपीला सांगू नको मी रडलो म्हणून. ती घाबरती."

मी म्हटलं, नाही सांगत.

उठलेत वाटतं. हाक मारतायत. तुलाच.

दिपाली


नाशिक
२३ ऑक्टोबर

दिपू,

तुझं भंडारदऱ्याचं पत्र परवा आलं. त्याच्याआधीच आपण भेटून आलो होतो, म्हणजे भेटलो असं म्हणायचं असेल तर. तू चहा घेऊन येत होतीस आणि मी तुझ्याशी धड न बोलता निघून गेले. तुला वाटलं असेल, हिचा ताठा अजून तसाच आहे. वाटू दे. पण तू चहा आणायला गेलीस तेवढ्या वेळात काय झालं, ते तुला माहीत नाही.

मी आले तेव्हा तू म्हणालीस, "अण्णा, बघा कोण आलंय." त्यांनी मला हात जोडले. उठून उभे राहायला लागले, जसं आपण कुणा मोठ्या घरच्या बाईसमोर उभं राहतो. तुझा चेहरा पडला आणि तू चहाचं निमित्त काढून गेलीस. मला माहीत होतं असं होऊ शकतं. तू पहिल्या पत्रात लिहिलंच होतंस. सगळ्या रस्त्यात मी मनाची तयारी करत आले होते. निरंजन म्हणाला, मी गाडीतच बसतो, मला बघून त्यांना काही आठवलं तर उगाच त्रास. तो तिथं झाडाखाली गाडीत बसला होता, पूर्ण वेळ.

मी बाकावर टेकले. त्यांनी मध्ये अंतर ठेवलं. किती बारीक झालेत. मनगटावर घड्याळ सैल लोंबत होतं. मला वाटलं होतं, समोर बघून राग येईल. मी तो जपून आणला होता. इतकी वर्षं त्याच्यावरच तर चालले होते.

त्यांनी विचारलं, "तुमी कुठल्या?"

मी म्हटलं, "नाशिकची."

तर इतके खूश झाले. म्हणाले, "नाशिकला माझी लेक दिलीय. थोरली."

दिपू, "दिलीय" म्हणाले. पळून गेली म्हणाले नाहीत. नाक कापलं म्हणाले नाहीत. दिलीय.

मी विचारलं, "लग्न कुठं केलंत?"

"कुठं म्हंजे? आमच्या पिंपरीत. कॉलनीच्या मैदानावर मांडव घातला." आणि मग सांगत गेले. पहिली शिफ्ट सुटली तशी एक पंगत बसली, दुसऱ्या शिफ्टला जाणारे त्याच्याआधीच जेवून गेले, कुणाला उपाशी जाऊ दिलं नाही. गावाकडून चुलते आले, बैठकीवर लोळायला जागा पुरेना. वऱ्हाड पोचवायला कंपनीची बस, झेंडूची माळ लावून, आणि ती दुसऱ्या कुणाला चालवू दिली नाही. "लेकीला मीच पोचवली, बाई. नाशिकपर्यंत. घाटात एक धक्का बसू दिला न्हाई." आई फार रडली म्हणाले. "मी न्हाई रडलो. बाप रडला की पोरीचा पाय निघत न्हाई."

मी म्हटलं, "आणि जावई?"

"देवमाणूस. त्याला माझ्या शेजारी पुढं बसवला. वाटंनं दोघं बोलत गेलो."

त्या झाडाखालच्या गाडीत निरंजन बसलेला मला दिसत होता.

तुला माहीत आहे आमचं लग्न कसं झालं. रजिस्ट्रारच्या ऑफिसात, बाहेर रांगेत उभं राहून. माझ्याकडून एकटी विजयश्री. बाहेर आल्यावर मिसळ खाल्ली आणि संध्याकाळच्या गाडीनं नाशिकला आलो. त्या गाडीत मी खिडकीशी बसून एकच विचार करत होते, अण्णा बस चालवत असते तर या खड्ड्यात असा दणका बसला नसता.

मी बसून माझं लग्न ऐकलं. मधे मधे विचारतही होते, जेवायला काय होतं, शालू कुठल्या रंगाचा होता. ते सगळं सांगत होते. एकदाही अडले नाहीत. हे त्यांनी कधी जुळवलं असेल गं? मी गेल्यानंतरच्या वर्षांत, आमच्याशी बोलत नव्हते तेव्हा, रोज बस चालवता चालवता? हा प्रश्न मी आठवडाभर उशाशी घेऊन झोपतेय.

शेवटी विचारलं, "मग लेक येते का माहेरी?"

त्यांनी हात वर केला. तू हातात कप सांभाळत येत होतीस, उन्हानं डोळे बारीक केलेले. "ही काय, आलीय ना. हीच ती. मला सोडून राहत न्हाई."

आता सांग, मी तिथं कोण म्हणून थांबणार होते? म्हणून उठले. उशीर होतोय म्हटलं. ते मला म्हणाले, "सावकाश जा. घरी वडलांना नमस्कार सांगा."

तुझ्या दुसऱ्या पत्राबद्दल. माझ्या वतीनं माफ करायला तुला कुणी सांगितलं होतं? मी ते वाचलं आणि पत्र भिंतीवर फेकलं. माझी लेक सायली घाबरून बाहेर आली, तिला काय सांगायचं कळेना. तिला एक मावशी आहे हेच मी तिला या महिन्यात सांगितलंय. दिपू, त्या माणसाला माफ करायचं की नाही, एवढी एकच गोष्ट त्या घरातून माझ्या वाट्याला आली होती. तीही तू देऊन टाकलीस. आणि त्यांनी माफी मागितली ती तुझ्याकडे, हात कपाळाला लावला तो तुझा. मला काय मिळालं, तर नमस्कार.

हे लिहून झाल्यावर मी दोन दिवस पत्र तसंच ठेवलं होतं. आज पुन्हा वाचलं तर फाडावंसं वाटलं नाही, पण खाली आणखी एक ओळ लिहायची आहे. मी तुझ्यावर रागावलेय, आणि तू किती वर्षं एकटीनं हे करतेयस, याची मला लाज वाटते. दोन्ही खरं आहे.

त्या दिवशी मी जेवले नव्हते. तुला म्हणून सांगितलं. त्यांना सांगू नकोस.

वर्षाली

खाली माझा नंबर लिहिलाय.


संत तुकाराम नगर, पिंपरी
८ डिसेंबर

ताई,

फोनवर आपण दोघी नुसत्या रडतो आणि मग रेंज गेली म्हणून ठेवून देतो. म्हणून हे लिहूनच पाठवते.

माफीबद्दल तू लिहिलंस ते बरोबर आहे. ते तुझं होतं. पण घरी आल्यावर मी एकदा त्यांना तलावाची आठवण दिली तर त्यांना तलाव आठवला, गाडीत बोललेलं काही आठवलं नाही. मी जे दिलं ते त्यांच्याजवळ एक दिवसही टिकलं नाही. म्हणजे ते अजून तुझ्याचकडे आहे. द्यायचं की ठेवायचं, तू ठरव. मी मध्ये येणार नाही.

तुझ्या लग्नाचं वाचल्यापासून मला एक विचारायचं होतं, पण धीर होत नव्हता. दिवाळीत भाऊबीजेला ते जरा खुशीत होते. अंगाला तेल लावता लावता विचारलं, "अण्णा, वर्षालीच्या लग्नात दिपाली काय करत होती?"

"करवली," म्हणाले. "नवं परकर-पोलकं. पण रुसली."

"का?"

"बहिणीला सोडंना. बस निघायची वेळ झाली तरी पायरीवर बसून राहिली. कुणाचं ऐकंना. मग म्हणलं चल, तू बी चल. तिला बी घेतली."

तर मी तुझ्या लग्नाला आले होते, ताई. नाशिकपर्यंत आले होते. मी त्यांच्या पाठीवर तेल चोळत राहिले. त्यांना पाठ होती म्हणून बरं, माझं तोंड त्यांना दिसलं नाही.

दिवाळीनंतरचं तुला थोडं फोनवर सांगितलंय. छातीत कफ झाला, दवाखान्यात ठेवावं लागलं. घरी आणलं तेव्हा जे उरलं होतं त्यातलंही बरंच तिथंच राहून गेल्यासारखं झालं. आता रस्ता पुटपुटत नाहीत. मी मुद्दाम म्हणून बघितलं, ओतूर, ब्राह्मणवाडा, आणि थांबले. ते माझ्याकडे बघत राहिले. कोतूळ आलं नाही.

आणि गेल्या आठवड्यापासून मला वर्षाली म्हणत नाहीत.

पहिल्या दिवशी मला वाटलं, नाव आठवत नसेल. दुसऱ्या दिवशी भात भरवताना म्हणाले, "पुरे, बाई." तिसऱ्या दिवशी यशोदाबाईंना माझ्यासमोरच विचारलं, "ह्या बाई कोण? चांगल्या हायेत." यशोदाबाई माझ्याकडे बघायला लागल्या, त्यांनाच रडू आलं. मला आलं नाही. मला आधी राग यायचा ना, की मी असून तुझं नाव. आता ते नावही गेलं, तर मला घरात एकदम रिकामं वाटायला लागलं. त्या नावाच्या आडोशानं का होईना, मी त्यांची लेक होते.

पण मग मला सुचलं, आणि त्यासाठीच हे पत्र. तू म्हणालीस ना, मी तिथं कोण म्हणून थांबणार होते. तुझी जागा मी अडवून बसले होते, हे खरंच होतं. आता ती अडलेली नाही. आता आपण दोघी त्यांना सारख्याच परक्या. तू आलीस तर तुलाही बाई म्हणतील, मलाही बाई म्हणतील. तुझ्या हातचं खातील. माणसं चांगली आहेत का एवढं त्यांना अजून कळतं. फार दिवस नाहीत, डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलंय. निरंजनला घेऊन ये, सायलीला आण. दारात कुणी अडवणारं नाही. दार मीच उघडेन.

आज दुपारची गोष्ट सांगते आणि थांबते. त्यांना गॅलरीत उन्हाला बसवलं होतं. मी शेजारी खुर्ची घेऊन बसले, रजाच आहे माझी. खाली मुलं खेळत होती, ती बघत होते. बऱ्याच वेळानं माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, तुमाला घरी जायचं नसंल का? घरची वाट बघत असतील."

मी म्हटलं, "नाही. माझी बहीण यायचीय. तिची वाट बघतेय."

"कुठनं?"

"नाशिकहून."

त्यांनी ऐकून घेतलं. नाशिक ऐकून चेहऱ्यावर काही उमटलं नाही, मी नीट बघत होते. थोडं सरकून त्यांनी माझ्या खुर्चीला उन्हात जागा करून दिली.

"मग बसा," म्हणाले. "येस्तवर मी बी बसतो तुमच्याबरोबर."

दिपू